विहिणीचे बूट

बुरुलकान एजे माणसाचं तोंड नंतर बघते, आधी पाय. तळ्याकाठच्या आमच्या काराकोल गावात, बाजारामागे तिचं गॅरेज आहे, त्यात मोटार कधी शिरली नाही. स्कीचे सत्तर जोड तिथे भिंतीला टेकून उभे असतात, दावणीच्या घोड्यांसारखे. वर गरम पाण्याच्या पाइपांवर बूट उलटे टांगलेले. त्या बुटांचा वास म्हणजे आमच्या गावचा हिवाळा. एजे म्हणजे ताई; ती माझ्या बापाची थोरली बहीण, पण अख्खं गाव तिला एजेच म्हणतं. शाळा सुटली की मी तिच्याकडे जाते, कामाला नव्हे, कान टवकारून बसायला. तिथे जसं बोलणं ऐकायला मिळतं तसं तळ्याच्या अख्ख्या काठावर मिळत नाही.

एजे बोलते ती अशी, खालच्या पट्टीत, दातांत खिळा धरल्यासारखी:

"बस. मोजे काढ."

"एजे, मला बूट हवेत भाड्यानं. मोजे कशाला काढू?"

"बूट मी पायाला देते. मोज्याला दिले तर मोजा जाईल घसरत, तू राहशील वर."

राजधानीतून, बिश्केकहून आलेला एखादा शहाणा फोन पुढे करतो. "इथं लिहिलंय, माझ्या उंचीला एकशेऐंशी सेंटिमीटरच्या स्की लागतात."

"असं लिहिलंय? मग त्या लिहिणाऱ्याला बोलव. त्याचाही पाय बघते."

पाय बघून झाला की बादलीची पाळी. गॅरेजच्या मागच्या दाराला चार पायऱ्या आहेत, खाली कोळशाची खोली. थंडी पडली की त्या पायऱ्यांवरचा बर्फ मार्चपर्यंत निघत नाही, आणि एजे तो काढतही नाही. गिऱ्हाइकाच्या हातात बादली देऊन ती एकदम मधाळ होते. "बाळा, शेगडी विझत आली बघ. जरा तेवढा कोळसा आण ना." पाहुण्याला काय वाटतं, वा, किती घरच्यासारखं वागवतात. तो जातो, आणि एजे खिडकीतून बघते. भिंत धरून, आडवा होऊन, एकेक पायरी मोजत उतरला तर त्याला तोरू-बुलाकची टेकडी. तिथं दोराला धरून वर जायचं आणि शाळेच्या पोरांबरोबर खाली यायचं. एक हात खिशात घालून उतरला तर स्कीचा वरचा मोठा तळ, देवदारांच्या रानातून खुर्च्यांची लिफ्ट जाते तो. दोन पायऱ्या गाळून उडी मारली तर तोही मोठा तळच, पण त्याच्या स्कीची कडी एजे थोडी सैल करते, म्हणजे पडला तर बूट लगेच सुटेल आणि गुडघा वाचेल. बादली न भरताच परत येऊन "तिथे घसरडं आहे" म्हणणारे असतात. त्यांना एजे चहा पाजते आणि गरम पाण्याच्या कुंडांचा पत्ता देते.

दाराशी खिळ्याला काळ्या-पांढऱ्या लोकरीची एक लड टांगलेली असते. जन्मात पहिल्यांदा स्की घालणाऱ्याच्या दोन्ही बुटांना ती त्यातला एक पीळ बांधून देते. आमच्याकडे पहिलं पाऊल टाकणाऱ्या बाळाचे दोन्ही पाय असेच बांधून दोरा कापतात, म्हणजे ते नीट चालायला लागतं. टेकडीवर गेलं की तिथली पोरं शर्यत लावतात, आणि पहिलं येईल ते पोर सुरीनं दोरा कापतं. जुनी माणसं म्हणतात शर्यत ठीक आहे, पण खरं म्हणजे आपलं बाळ ज्याच्यासारखं चालावं असं वाटतं, त्याच्या हातात सुरी द्यावी.

आजवर एजेनं एकाही माणसाला चुकीच्या डोंगरावर पाठवलं नव्हतं. पाठवलं ते थेट स्वतःच्या व्याह्यांना.

एजेची मुलगी बेगायिम वरच्या तळावर लहान मुलांना स्की शिकवते. परवाना आहे तिच्याकडे, तीन परीक्षा देऊन मिळवलेला. सपाटीवरच्या टोकमोक गावचा एर्मेक तिथेच शिकायला आला, दोन हिवाळे पडला, तिसऱ्या हिवाळ्यात पडायचा थांबला आणि घरी जाऊन आईला म्हणाला, मुलगी बघितली. आई आली, बेगायिमच्या कानांत बाळ्या घालून गेली, म्हणजे सोयरीक पक्की. लग्न एप्रिलमध्ये ठरलं. आणि जाता जाता दारात बूट चढवताना उमसुनाय विहीणबाई अगदी सहज बोलल्या, "मुलगी गुणाची आहे. आता हे बर्फातलं उड्या मारणं पुरे झालं म्हणा."

बेगायिमनं एर्मेककडे पाहिलं. एर्मेक एरवी बोलतो तो घोगऱ्या आवाजात, पण अपा, म्हणजे आई, जवळ असली की त्याचा आवाज बाटलीतल्या दुधासारखा होतो. "बघू ना, अपा. बघू."

बेगायिमचं म्हणणं एवढंच होतं की वर्षातले नऊ महिने टोकमोक, तीन महिने इथं. एर्मेकची ना नव्हती. सासऱ्यांचं कोणी विचारलं नव्हतं, कारण सासऱ्यांना विहीणबाईही विचारत नाहीत. सगळं येऊन अडलं होतं उमसुनाय बाईंच्या एका शब्दापाशी. म्हणून जानेवारीत एर्मेकनं युक्ती काढली. आईबाबांना चार दिवस तळ्यावर सुट्टीला आणायचं, बर्फ दाखवायचा, स्कीवर उभं करायचं. एकदा मजा आली की आई नाही म्हणणार नाही. फोनवर तो एजेला म्हणाला, "कुठला तळ, कुठले बूट, ते सगळं तुमच्यावर. तुमच्याइतकं कोणाला कळतं?"

एजेनं फोन ठेवला आणि तीन दिवस झोपली नाही.

व्याही आले ते संध्याकाळी. असांबेक व्याही कालव्यांच्या खात्यात साहेब होते, आता निवृत्त. ते बोलत नाहीत, पेला उचलून भाषण करतात, हातात पेला असो नसो. गाडीतून उतरून पहिलं वाक्य: "प्रिय नातलगांनो, रस्ता लांब होता, पण ज्या रस्त्याच्या शेवटी आपली माणसं असतात त्या रस्त्याला लांब कोण म्हणेल?" तेवढ्यात त्यांची टोपी वाऱ्यानं उडाली. झोल्चू बाइके, म्हणजे झोल्चूदादा, आमच्याकडचे गाडीवाले, ती पकडायला धावले.

उमसुनाय बाई त्याच्या उलट. त्यांच्याकडे एकच शब्द, "छान". पण तो तीन तऱ्हांनी येतो. एक छान ओठ उघडून, तो खरा. दुसरा नाकातून, म्हणजे चालेल. तिसरा येतो तो दात मिटून, आणि मग पुढचा तासभर त्या काही बोलत नाहीत. त्या रात्री मेंढरू कापलं होतं. कुठलं हाड कोणाच्या ताटात जायचं याला आमच्याकडे चूक चालत नाही. थोरल्या पुरुषाला कमरेचं, थोरल्या बाईला शेपटाकडचं, धाकट्यांना बरगड्या. एजेनं वाढताना एकही हाड चुकवलं नाही. उमसुनाय बाई म्हणाल्या, "छान." पहिल्या तऱ्हेचा. एजेच्या जिवात जीव आला, आणि घोटाळा झाला तो इथेच. तिच्या डोक्यात बसलं की उद्याही असंच वाढायचं.

सकाळी सगळे गॅरेजात. एजेनं पाय बघितले नाहीत. व्याह्यांना मोजे काढा कसं म्हणणार? आणि बादली तर तिनं पोत्याखाली लपवून ठेवली होती. व्याह्याच्या हातात कोळशाची बादली दिली असं गावाला कळलं असतं तर आमच्या सात पिढ्यांचं नाव गेलं असतं.

तिनं स्की वाढल्या. हाडांसारख्या.

थोरले असांबेक, म्हणून त्यांना सगळ्यांत उत्तम जोड, 'सुलतान'. लाल, लांबलचक, शर्यतीतला, एकशेपंच्याऐंशी. तो तिनं आजवर दोघांनाच दिला होता आणि दोघेही पदकं मिळवणारे. उमसुनाय बाईंना पांढरे कोरे बूट, ऑस्ट्रियाहून आलेले, अजून कोणाचाही पाय न लागलेले, निमुळते. आणि एर्मेक सगळ्यांत धाकटा. घसरायला येत होतं ते एकट्या त्यालाच, त्याला उरलेला एक जोड मिळाला, टोकाला टवका उडालेला. बरगडी.

बेगायिम आईच्या कानाशी लागली. "अपा, काय करतेस? सुलतान? एर्मेकच्या बाबांना?"

"गप. व्याही आहेत."

"अपा, एकशेपंच्याऐंशी आहे तो."

"मग काय एकशेपन्नास देऊ? उद्या टोकमोकला म्हणतील, मुलाच्या बापाला पोरासोरांच्या स्की दिल्या."

"तुम्ही आधी कधी स्की घातलीय का?" बेगायिमनं शेवटी असांबेकांनाच विचारलं, अगदी खाली बघून.

"बेटी," ते म्हणाले आणि छाती काढली, "सैन्यात असताना मी लाकडी स्कीवर अकरा किलोमीटर चाललोय."

"चाललात."

"सपाटीवर," उमसुनाय बाई म्हणाल्या. "आणि बेचाळीस वर्षांपूर्वी."

एजेनं ते ऐकलंच नाही. ती गुडघ्यावर बसून विहिणीच्या पांढऱ्या बुटांचे पट्टे आवळत होती. व्याह्याला आम्ही कुदा म्हणतो, विहिणीला कुदागी. "कसे आहेत, कुदागी?"

"छान."

मी कोपऱ्यात होते. तो तिसऱ्या तऱ्हेचा होता, शप्पथ. पण एजेचे कान त्या दिवशी बंद होते.

गाडीत झोल्चू बाइकेंनी चावी फिरवली आणि थांबले. झोल्चू बाइकेंचं प्रत्येक वाक्य "मी काही बोलत नाही" पासून सुरू होतं. "मी काही बोलत नाही, एजे, पण टेकडी दहा मिनिटांवर आहे. वरून अख्खं तळं दिसतं. वरच्या तळावर आज ढग आहेत."

"व्याह्यांना टेकडीवर नेऊ? जिथं पोरं नाक पुसत घसरतात?"

"मी कुठं काय बोललो," म्हणून त्यांनी गाडी वरच्या तळाकडे वळवली.

वर पोचलो तेव्हा ढग इतके खाली होते की लिफ्टच्या खुर्च्या दहाव्या खांबानंतर दिसेनाशा होत. एर्मेक आणि बेगायिम पुढे, मग व्याही-विहीण, मग एजे आपल्या लोकरी नमद्याच्या जाड बुटांत, कारण ती स्वतः आयुष्यात कधी स्कीवर उभी राहिलेली नाही, आणि शेवटी मी. खुर्चीतसुद्धा असांबेकांचं भाषण चालू होतं. धुक्यातून शब्द मागे यायचे, "...हे पर्वत... आपल्या पूर्वजांनी..." आणि मध्येच उमसुनाय बाई, "दांडा धरा."

शिखरावर उतरल्यावर असांबेक उताराच्या कडेशी गेले आणि खाली बघितलं. पहिल्यांदाच त्यांचं वाक्य अर्ध्यात राहिलं.

"आपण इथे जरा थांबू," ते म्हणाले. "हवा उत्तम आहे."

आम्ही थांबलो. हवा अशी होती की पापण्या चिकटत होत्या. पाव तास झाला, अर्धा झाला. पाहुणा "मला भीती वाटते" म्हणणार नाही, यजमान "तुम्हाला जमणार नाही" म्हणणार नाही. त्यामुळे सहा माणसं एका रांगेत उभी राहून धुकं बघत होती.

"कुदा, दमलात का?" एजेनं विचारलं.

"छे छे. निसर्ग बघतोय."

निसर्ग हातभर अंतरावर संपत होता. एर्मेक म्हणाला, "बाबा, मी हात धरतो, हळूहळू..." आणि बापानं असं बघितलं की तो परत बाटलीतलं दूध झाला. सात-आठ वर्षांची पोरं शेजारून फुर्रकन जात होती. त्यातल्या एकीनं ओरडून विचारलंसुद्धा, "बेगायिम एजे, हे आजोबा दुकानातले पुतळे आहेत का?"

शेवटी असांबेक म्हणाले, "या पट्ट्यात काहीतरी अडकलंय, जरा बघतो." त्यांनी एक स्की पायातून काढली आणि बर्फावर ठेवली. सुलतानच तो. ब्रेकवर बर्फ साचून गोठला होता, त्याला थांबायचं कारणच नव्हतं. आधी वीतभर सरकला, मग हातभर, आणि मग स्वार टाकून घोडा उधळावा तसा सरळ धुक्यात नाहीसा झाला. बेगायिम त्याच्या मागे झेपावली. काही क्षणांनी फार खालून झाडाला काहीतरी आपटल्याचा आवाज आला.

"प्रिय नातलगांनो," असांबेक हळूच म्हणाले आणि दुसरी स्की काढून दोन्ही हातांनी धरून ठेवली.

एक स्की घेऊन काय उतरणार? सगळे लिफ्टनंच खाली निघाले. खाली पोरांची रांग होती, तळावरची माणसं होती, आणि रिकामी न येता माणसं घेऊन उतरणारी खुर्ची म्हणजे घाबरून परतलेली माणसं, हे तिथं सगळ्यांना कळतं. यावेळी असांबेक एर्मेकबरोबर बसले आणि एजेच्या शेजारी विहीणबाई. मी मागच्या खुर्चीत. वारा माझ्याकडे येत होता.

पाच-सहा खांब गेले. मग लिफ्ट थांबली. वर कोणीतरी चढताना पडलं असेल, थांबते कधीकधी. खुर्च्या देवदारांच्या शेंड्यांवर झोके घेत राहिल्या. एजेला समोर बघायला काही नव्हतं, म्हणून तिनं सवयीनं खाली बघितलं. विहिणीचे पांढरे बूट लोंबत होते. डावा बूट स्थिर होता, उजवा आतून थरथरत होता.

"कुदागी, उजव्या अंगठ्याशेजारी हाड वर आलंय तुमच्या. लहानपणापासून?"

"बूट छान आहेत."

"कुदागी."

उमसुनाय बाईंनी बुटाकडे बघितलं. मग अगदी वेगळ्याच, साध्या आवाजात म्हणाल्या, "सकाळपासून आग होतेय. तळवा आहे का नाही तेही कळत नाही आता."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही दिलेत म्हणून. तुम्ही का दिलेत?"

"तुम्ही विहीण म्हणून."

मग एजे वाकली, एका हातानं खुर्चीचा दांडा धरला, दुसऱ्या हातानं विहिणीच्या बुटाचे चारही पट्टे सोडले. वरचा, मग दुसरा, मग तिसरा. चौथ्याला उमसुनाय बाईंनी जो सुस्कारा सोडला तो मला माझ्या खुर्चीत ऐकू आला.

"टोकमोकला बर्फ पडला," त्या म्हणाल्या, "की आम्ही फावडं घेतो. माझ्या हातात सात वर्षांची होते तेव्हापासून फावडं आहे. बर्फ म्हणजे काम. आणि तुमच्याकडे लोक पैसे देऊन त्याच्यावरून पडतात. मला कळतच नाही ते. मला नुसतं तळं बघायचं होतं. एर्मेकला म्हटलं मी, तळं दाखव. त्यानं मला ढगात आणून बसवलं."

"ढगात मी आणलं. त्याला का बोलता?"

"तुमची मुलगी सकाळपासून माझ्या पायाकडे बघतेय. दोनदा विचारलं तिनं. मी दोनदा छान म्हटलं."

"तिला पाय कळतात," एजे म्हणाली. एवढंच. लग्नानंतरचं, तीन महिन्यांचं, काही काढलं नाही. मला तर वाटलं हीच वेळ होती, बोल ना बाई. पण लिफ्ट सुरू झाली.

बेगायिम अंधार पडता पडता सुलतान घेऊन आली, टोक मोडलेला. एजेनं तो भिंतीला लावला आणि त्याच्याकडे पाठ करून बसली. व्याह्यांना परवा जायचं होतं. उरला होता एकच दिवस, आणि बेगायिमला कपाटातून आपला परवाना काढून परत आत ठेवताना मी पाहिलं.

सकाळी मी गेले तेव्हा गॅरेजचं दार उघडं होतं आणि आत विहीणबाई नमद्याच्या बुटांत उभ्या होत्या, पोती उचलून उचलून खाली बघत.

"काय शोधताय, कुदागी?" एजे घाईघाईनं आली, हाताला पीठ.

"बादली. या घरात येणाऱ्या प्रत्येकाला तुम्ही कोळसा आणायला लावता म्हणे. आम्हालाच तेवढं का नाही लावलंत? आम्ही काय परके, तळ्यापलीकडचे आहोत?"

एजेनं झोल्चू बाइकेंकडे बघितलं. ते दारात होते. "मी काही बोललो नाही," ते म्हणाले. "म्हणजे, काल रात्री बोललो थोडंसं."

असांबेकांनी बादली घेतली. पहिली पायरी उतरण्याआधी त्यांनी तोंड उघडलं, उमसुनाय बाई म्हणाल्या, "भाषण वर आल्यावर." मग ते उतरले. भिंत धरून, आडवे, एका पायरीवर दोन्ही पाय आणून मगच पुढची. वर येईपर्यंत बादलीतला अर्धा कोळसा पायऱ्यांवर. एजे खिडकीपाशी होती. तिच्या पाठीचा बाक सरळ झाला. खालच्या पट्टीतला तो खिळ्याचा आवाज परत आला.

"कुदा. एकशेपन्नास. आणि टेकडी."

तिनं कोपऱ्यातून एक आखूड, फुगीर, पिवळा जोड काढला. त्याचं नाव 'बोरसूक', कारण तळून फुगलेल्या पिठाच्या गोळ्यासारखा, आमच्या बोरसूकसारखाच दिसतो. असांबेकांनी तो दोन्ही हातांवर घेतला. "प्रिय नातलगांनो, काल मला सुलतान मिळाला आणि त्यानं मला सोडलं. आज बोरसूक मिळालाय. याला मी सोडणार नाही."

मग उमसुनाय बाई उतरल्या. त्यांनी पायरीकडे बघितलंसुद्धा नाही. बादली एका हातात, गुडघे जरा वाकवलेले, टप टप टप टप खाली, आणि भरलेली बादली घेऊन तशाच वर. एक खडा सांडला नाही.

एजे बघतच राहिली. "कुदागी, हे कुठं शिकलात?"

"शिकायचं काय त्यात? लहानपणी आमचं पाणी नदीवरून यायचं. बर्फावरून, दोन बादल्या, रोज."

"मोजे काढा," एजे म्हणाली.

उमसुनाय बाईंनी मोजे काढले. एजेनं उजवा पाय मांडीवर घेतला, हाडाच्या उंचवट्यावरून अंगठा फिरवला, मग पाइपाच्या पार शेवटच्या टोकावरून एक काळा, जुना, रुंद जोड उतरवला. पंधरा वर्षांचा, बाजूला ठिगळ. तिनं आतलं अस्तर त्या हाडाजवळ सुरीनं पातळ केलं आणि घालायला दिला.

"कसे आहेत?"

"छान," विहीणबाई म्हणाल्या. ओठ उघडून.

तोरू-बुलाकच्या टेकडीवर त्या दिवशी ऊन होतं. आणि तळं होतं, अख्खं, निळं, कधीच न गोठणारं, काठाकाठानं वाफ निघत असलेलं. उमसुनाय बाई टेकडीच्या डोक्यावर स्की घालून उभ्या होत्या आणि तळ्याकडे बघत होत्या. असांबेक बोरसूकसह तीनदा पडून झाले होते आणि चौथ्या खेपेला पोरांना सैन्यातली गोष्ट सांगत होते. काल पुतळा म्हणणारी ती पोरगी त्यांचा हात धरून होती.

"आता?" उमसुनाय बाई म्हणाल्या. "पाय सुटत नाहीत माझे."

"कसे सुटतील," एजे म्हणाली आणि खिशातून काळा-पांढरा पीळ काढला. "बांधायचे राहिलेत." ती बर्फात गुडघ्यावर बसली आणि विहिणीच्या दोन्ही बुटांभोवती दोरा बांधला. मग उठून हाताचा कर्णा करून हाक मारायला लागली, "पोरांनो, या रे, शर्यत..."

"शर्यत नको," उमसुनाय बाई म्हणाल्या.

"नको?"

"बेगायिमला बोलवा."

एजेचा हात तोंडापाशीच राहिला. एर्मेक खाली होता, त्यानं मान वर केली. झोल्चू बाइके तर काही बोलायचं विसरले, आणि हे मी त्यांना ओळखते तेव्हापासून पहिल्यांदाच घडलं. जिच्यासारखं चालावंसं वाटतं तिच्या हाती सुरी, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, अगदी त्या लहान पोरीलाही.

बेगायिम टेकडीच्या पायथ्याशी दोन मुलांना उभं राहायला शिकवत होती. ती दोराला धरून वर आली. दोराला वर यायला चार मिनिटं लागतात, आणि तेवढा वेळ सगळे तो दोर बघत होते. एजेनं तिच्या हातात सुरी दिली. बेगायिम वाकली, पण पहिल्यांदा दोरा सुरीखालून निसटला.

"हळू," सासूबाई म्हणाल्या. "बूट तुझ्या आईचे आहेत."

दोरा तुटला. बेगायिमनं पुढे जाऊन हात पसरले, आणि उमसुनाय बाई निघाल्या. गुडघे वाकवून, बादल्या धरल्यासारखे दोन्ही हात बाजूला, डोळे तळ्यावर. वीस पावलं, तीस, आणि त्यांना थांबायचं कसं हे कोणी सांगितलंच नव्हतं, त्यामुळे झोल्चू बाइकेंच्या पोटावर जाऊन थांबल्या.

"मी काही बोलत नाही," झोल्चू बाइके म्हणाले, "पण बरगडी गेली माझी."

उमसुनाय बाई त्यांना धरून उभ्या राहिल्या. धाप लागली होती. "टोकमोकला टेकडी नाही," त्या म्हणाल्या, कोणाला ते कळलं नाही, बहुतेक स्वतःलाच. मग वळून सुनेला म्हणाल्या, "डिसेंबर ते फेब्रुवारी, नाही का? फेब्रुवारीत मी येईन पंधरा दिवस. आधीचं तुझं तू बघ. आणि मला थांबायला शिकव."

"शिकवते, अपा," बेगायिम म्हणाली. त्यांना अपा म्हणायची तिची ती पहिलीच वेळ.

एर्मेक तिथूनच घोगऱ्या आवाजात काहीतरी ओरडला. आईसमोर, घोगऱ्या आवाजात.

लग्न एप्रिलमध्ये झालं. आता नोव्हेंबर आहे, डोंगरावर पांढरं उतरायला लागलंय आणि एजे रोज गॅरेजात मेण वितळवून स्कींना पाजतेय. सुलतानचं टोक तिनं सांधलं, पण भाड्यानं देत नाही अजून. पाइपाच्या शेवटच्या टोकाला ते काळे रुंद बूट टांगलेत. मागच्या आठवड्यात अल्मातीचा एक जाडजूड गृहस्थ आला, पाय दाखवला, कोळसा आणला, सगळं रीतसर. बूट बघून म्हणाला, "ते द्या, ते बरोबर बसतील."

"ते गेलेत," एजे म्हणाली.

"गेलेत? समोर तर टांगलेत."

"माझ्या विहिणीचे आहेत."

"मग विहीण कुठंय?"

एजेनं त्याच्यासाठी दुसरा जोड काढला आणि त्याच्यापुढे गुडघ्यावर बसली. "येईल फेब्रुवारीत. तुम्ही पाय पुढे करा."